टिकलीखालचं कपाळ

करमाडपासून थोडं आत, एका गावात माझा दवाखाना आहे. रोज सकाळी मी संभाजीनगरहून गाडी हाकत तिथं जाते आणि जाता जाता ठरवते, की आज कोणावर ओरडायचं नाही. हा निश्चय साधारण दहा वाजेपर्यंत टिकतो. मग एखादा गडी गजकर्णावर लावायला मेडिकलमधून स्वतःच्या मनानं आणलेली ट्यूब दाखवतो. त्या ट्यूबनं खाज थांबते आणि गजकर्ण पोटापासून पाठीपर्यंत पसरतं. "लावली की थंड वाटतं, म्याडम," तो म्हणतो आणि माझा आवाज बाहेरच्या लिंबापर्यंत जातो. लोक रागावत नाहीत. "आज बाई रंगात हाय," म्हणतात आणि नंबर लावून बसतात.

कातडीचे आजार मला मनापासून आवडतात. पोटात काय चाललंय ते पोटालाच ठाऊक, पण कातडी सगळं उघड्यावर मांडते. खरूज, गजकर्ण, शिबं, घामोळ्या, मी दारातूनच ओळखते. याचा मला गर्व होता. होता म्हणते, कारण तो एका बाईनं उतरवला.

ती धनगराच्या घरातली, चाळिशीची. नवरा शेंद्र्याला कंपनीत रोजंदारीवर जातो आणि घरची वीसेक मेंढरं हिच्या ताब्यात. कपाळाला खाज येते म्हणून आली. टिकलीच्या कडेनं तांबूस पुरळ दिसत होतं. मी खुर्चीतूनच पाहिलं, गजकर्ण ठरवलं आणि मलम दिलं. टिकली काढा, असं म्हटलं नाही. सवाष्णीला कुंकू काढायला सांगणं आपल्याकडे कोणाच्या जिभेवर येत नाही, डॉक्टर झालं तरी. तीही बिचारी टिकली तशीच ठेवून तिच्याभोवती गोल मलम लावत राहिली.

महिन्यानं परत आली. खाज तशीच, म्हणून मी मलम बदललं. तिसऱ्यांदा आली तेव्हा माझ्या लक्षात आलं, की पहिल्या वेळी मसुराएवढी असलेली हिची टिकली आता रुपयाएवढी झालीय. मला मोठी गंमत वाटली. "काय बाई, पुढच्या खेपेला कपाळाला बशी चिकटवून येणार का?" मी म्हणाले. एरवी अशा बोलण्यावर खळाळून हसणारी ती ओठ दाबून बसली आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. मला माझ्याच जिभेची लाज वाटली. मी उठून दार लावून घेतलं.

"काढून दावते," ती म्हणाली, "पर कुणाला बोलू नगा."

तिनं टिकली सोलली. खाली पांढरा डाग होता, रुपया ठेवून आखल्यासारखा गोल.

"कोड हाय ना?" तिनं विचारलं आणि मग सगळं एका दमात सांगितलं. पोरीचं लग्न जमलं होतं. पंधरा दिवसांवर कुंकवाचा कार्यक्रम होता. त्या दिवशी पोराची आई पोरीला कुंकू लावणार आणि मग विहीण म्हणून हिलाही लावणार. त्यासाठी एवढी मोठी टिकली काढावी लागणारच. "आईला कोड, म्हंजी पोरीला बी व्हईल म्हणतील. सोयरीक मोडंल, म्याडम." डाग वाढत गेला तशी ती मोठमोठी टिकली घेत गेली होती. नवऱ्यालाही पत्ता नव्हता.

मी तिला खिडकीच्या उजेडात नेलं. डोळे मिटायला सांगून डागावर कापूस फिरवला. स्पर्श कळत होता, तेव्हा कुष्ठाची शंका गेली. ओठ, पापण्या, बोटं, गुडघे, पावलं, सगळं पाहिलं. दुसरा डाग कुठंच नव्हता. मग तिच्या हातातली टिकली घेऊन त्या डागावर धरली. कड कडेला तंतोतंत बसली.

"अगं, हे टिकलीच्या डिंकानं झालंय," मी जवळजवळ ओरडलेच. काहींच्या कातडीला तो डिंक सोसत नाही. आधी खाज सुटते, मग रंग जातो. ज्यानं ती डाग झाकत होती, त्यानंच तो वाढत होता.

"म्हंजी कोड नाय?"

"मला तरी नाही वाटत. टिकली बंद. सध्या कुंकूही नको. मलम देते, दर महिन्याला दाखवायला यायचं. पण रंग भरायला पुष्कळ महिने लागतील आणि थोडा डाग राहीलही."

डोळे पुसून माझ्याकडे रोखून बघत ती म्हणाली, "मेंढराला खाज सुटली तर आमी लोकर सारून कातडं बघतो. तुमी तर टिकली बी काढाया लावली नाय."

मला हसू फुटलं, तिलाही फुटलं. "चुकलंच माझं," मी म्हणाले. निघताना तिनं बजावलं, "कार्यक्रमाला या. मला लई भ्या वाटतंय."

गेले. पंधरा दिवसांत डाग काही भरला नव्हता. पोराच्या घरचे, पैठणकडचे पाहुणे अंगणातल्या मांडवात बसले होते. ती पदर पार भुवयांपर्यंत ओढून आली. पोरीचं कुंकू झालं. मग विहीणबाईंनी ताट हातात घेतलं, हिचा पदर मागं सारला आणि त्यांचा हात तिथंच थांबला. मी मनात भाषण तयार करून आले होते, ते साफ विसरले.

तिनंच मान वर केली. "टिकलीच्या डिंकानं झालंय, कोड नाय. पर डाग हाय, आन् लगीच जाणार बी नाय. बघून घ्या अन् काय ते सांगा."

विहीणबाई खाली वाकल्या, डागावरून अंगठा फिरवला आणि माझ्याकडे वळल्या. "डॉक्टरीण तुमीच व्हय? मंग कुकू लावू का नगं?"

"सध्या नको," मी म्हणाले. लिंबापर्यंत जाणारा माझा आवाज त्या वेळी इवलासा निघाला.

"बरं," त्या म्हणाल्या आणि तिच्या मंगळसूत्राच्या दोन्ही वाट्यांना कुंकू लावून त्यांनी तिची ओटी भरली.

मला इतका आनंद झाला, की मी बुंदी तीनदा वाढून घेतली. जेवतानाच बायकांनी मला घेरलं आणि एकेकीनं टिकली सोलून कपाळ पुढं केलं. या खेपेला मी प्रत्येक कपाळ जवळून पाहिलं.

शेवटी पोरीचा आणि दोन्ही आयांचा फोटो काढायचा होता. फोटोवाला म्हणाला, "मावशी, टिकली राहिली की. लावा, फोटो चांगला यील." शेजारच्या एकीनं लगेच आपली टिकली काढून तिच्यापुढं धरली.

तिनं तो हात बाजूला केला. डोक्यावरचा पदर खांद्यावर घेतला आणि पोरीला जवळ ओढून म्हणाली, "ऱ्हाऊ दे. अशीच काढ."