सिद्धव्वानं उतरवलेली माती

सिद्धव्वाअक्का शिडीला हात लावायची तेव्हा खालून कुणीतरी हमखास बोलायचं. नवरा गुरुशांतप्पा चुन्याचं काम करायचा. तो गेला आणि ही बाई त्याची थापी घेऊन लोकांच्या माळवदांवर चढायला लागली, यानं आमच्या मंठाळ गावात बऱ्याच जणांच्या पोटात दुखायचं. "बाई गावाच्या डोक्यावर बसली," असं म्हणणाऱ्या एकाला ती वरून म्हणाली होती, "तुझ्या डोक्यावर गळायलंय म्हनून बसलेय. उतरू का?" अशा बाईचं मला फार कौतुक वाटतं, आणि ते मी लपवत नाही.

तिचं खरं काम सान्याचं. आमच्याकडची घरं माळवदाची, म्हणजे तुळयांवर फळ्या आणि वर मातीचा जाड थर. चुलीचा धूर जायला आणि उजेड यायला त्या छतात एक भोक ठेवतात, भोवती छोटा कट्टा बांधून, ते सानं. पाऊस घरात शिरतो तो बहुधा तिथूनच.

आमच्याही शिरला. निजामाचं राज्य जाऊन चार-पाच वर्षं झाली होती. चन्नम्मावहिनीला माहेर उरलं नव्हतं, म्हणून तिचं पहिलं बाळंतपण आमच्याच घरी, चुलीच्या खोलीत झालं, तेही ऐन पावसात. सान्यातून पाणी आलं, भिंती ओलावल्या, बाळाची छाती भरली आणि ते गेलं. वहिनीला पुन्हा दिवस राहिले, ते भरणार होते श्रावणातच. जेवताना तिची नजर सारखी त्या सान्याकडे जायची.

आम्ही भावांनी आमचा उपाय केला. दर साली मृगाआधी टाकतो तशी पांढरी माती माळवदावर टाकली, यंदा जरा जास्तच. गळतंय म्हटलं की माती टाकायची, हे आमच्याकडे कुणाला शिकवावं लागत नाही. वहिनीचं समाधान होईना. तिनं हट्टानं सिद्धव्वाअक्काला बोलावलं. अक्का वर चढली, सान्यापासून लांब तांब्याभर पाणी ओतलं आणि हाताची घडी घालून उभी राहिली. पाणी रमतगमत गेलं ते थेट सान्यात. खालून वहिनी ओरडली.

"आज्यापासून माती टाकायलाव तुमी," अक्का म्हणाली. "माळवद वाढत गेलं, सान्याचा कट्टा हाय तितकाच. बुडालाय त्यो. माती उतरवा."

हे ऐकून आमची अव्वा, म्हणजे आई, गंगम्मा, भडकली. आमच्याकडे घरावरची माती खाली येते ती घर पाडतानाच. त्यात आम्हा भावांच्या थराखालचा थर अप्पांचा, आमच्या वडिलांचा, मरायच्या आधीच्या उन्हाळ्यात त्यांनी टाकलेला.

"माझ्या मालकाच्या हातची माती उकिरड्यावर टाकायलीस? कामून? घर बसलंय का माझं?"

वीरभद्रअण्णानं, माझ्या थोरल्या भावानं, वहिनीच्या नवऱ्यानं, हातातलं खोरं भिंतीला टेकवलं. मीही माझं टेकवलं. वहिनी बिचारी सून, ती काय बोलणार?

अक्का अव्वाजवळ टेकली. "उकिरड्यावर न्हाई. ही माती कालवून मी बाळंतिनीच्या खोलीची भुई करते. अप्पांच्या मातीवर त्येंचं नातवंड निजंल. वर ऱ्हायली तर तीच माती त्येला भिजवील. सांगा, कुटं ठेवू?"

अव्वा रडली. मग स्वतःच पाटी घेऊन आली.

अक्कानं सान्याभोवतीची माती खणून काढली, ती कालवून चुलीच्या खोलीची भुई केली आणि वरचा उतार बाहेर पन्हाळीकडे वळवला. गुळाच्या पाण्यात चुना मळून, त्यात तागाचे बारीक धागे घालून वीतभर उंच कट्टा बांधला. त्यावर दगड टेकवून फरशी ठेवली, म्हणजे खालून धूर निघेल आणि वरून पाऊस शिरणार नाही. चुना उन्हानं तडकू नये म्हणून रोज येऊन त्यावर ओलं गोणपाट घालायची. पाणी वर न्यायला मी होतोच, दम खायला बसलो की म्हणायची, "काका व्हनार तू, का आजा?"

श्रावणात झड लागली आणि त्या झडीतच वहिनीला कळा सुरू झाल्या. अव्वा सान्याखाली मान वर करून बसून राहिली. थेंब पडला नाही. मुलगी झाली. सुईणीनं पुसून दिलेलं बाळ मांडीवर घेऊन अव्वानं नव्या भुईवर तळहात दाबून पाहिला. भुई कोरडी ठणठणीत होती. अव्वानं जन्मात कधी नवऱ्याचं नाव घेतलं नव्हतं. ती आमच्या सगळ्यांदेखत त्या मातीला म्हणाली, "अमृतप्पा, नात झालीय. ठेवू का खाली?"