मामाजींच्या रायफलीची नळी

माझ्या सासऱ्यांच्या, म्हणजे मामाजींच्या रायफलीची नळी झिजली असं घरात ठरलं, तेव्हा माझ्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं. देश सोडून निघालेल्या एका गोऱ्या साहेबाकडून त्यांनी ती घेतली होती. घरात तिचा मान माझ्यापेक्षा मोठा. तिला रोज तेल मिळायचं, मऊ फडक्यानं पुसलं जायचं आणि पहाटे उठून चूल पेटवायला कुणी सांगायचं नाही. मला तिचा हेवा वाटे.

दारव्ह्याकडचं आमचं गाव. मामाजी गावचे पाटील आणि पंचक्रोशीतले नामांकित शिकारी. मी या घरात येण्याआधी दर हिवाळ्यात रानडुकरांसाठी हाकारा व्हायचा. म्हणजे गावाबाहेरच्या वस्तीतली माणसं डबे वाजवत, ओरडत झुडपातून डुकरं पुढं घालायची आणि मामाजी मचाणावरून बार काढायचे. लगेच 'लागली, मालक, लागली' असा गलका उठायचा. डुक्कर अंगणात आलं, की सासूबाई आधी मामाजींना ओवाळायच्या, मग डुकराच्या कपाळाला कुंकू लावायच्या. ही या घराची रीत. मटण बाहेर तीन दगडांच्या चुलीवर शिजायचं आणि जेवताना मामाजी वाघाची गोष्ट सांगायचे. घरचा गोऱ्हा एका वाघानं मारला, मामाजी रायफल घेऊन त्याच्या मागं लागले आणि वाघ जो पळाला तो पुन्हा या भागात फिरकला नाही. ही गोष्ट मी साध्या पिठलं-भाकरीबरोबरही इतक्यांदा ऐकली, की मला त्या वाघाचीच दया येऊ लागली होती.

माझ्या लग्नानंतरच्या पहिल्याच हिवाळ्यात मात्र गोळी लागेना. बार व्हायचा, डुक्कर एकदा वळून पाहायचं आणि आपल्या वाटेनं जायचं. मामाजींची झोप उडाली.

मग ओसरीवर खल सुरू झाला. जंगल खात्यातले एक निवृत्त नाकेदार होते. त्यांचं म्हणणं, नळीच्या आतले आटे झिजले की गोळी भरकटते, तेव्हा फक्त नळी बदला. दारव्ह्याचे एक कापसाचे अडते होते. ते म्हणत, कलकत्त्याहून नळी येईस्तोवर म्हातारे व्हाल, सरळ नवी रायफलच घ्या. एक दिवस नाकेदारांची सरशी, दुसऱ्या दिवशी अडत्यांची. चहा दोघांनाही मीच करायची. मामाजींची अडचण निराळीच होती. नळी बदलली, तर वाघाला पळवणारी रायफल हीच, असं छातीठोकपणे कसं सांगायचं? इकडे डुकरं रोज आमची तूर खात होती, पण तुरीबद्दल ओसरीवर कुणी चकार शब्द काढत नव्हतं.

आणखी एका गोष्टीबद्दल कुणी बोलत नव्हतं. आदल्या दसऱ्याला वस्तीतले लोक नागपूरला जाऊन बौद्ध होऊन आले होते आणि त्यांनी हाकाऱ्याला येणं सोडलं होतं. त्यांच्या जागी आमचे गडी जात. ते एका झाडाखाली बसून ओरडत आणि तिथंच विडी ओढत. एवढा फरक डोळ्यांसमोर असताना चारचौघं शहाणी माणसं नळीत डोळा घालून बसली होती.

शेवटी नवी घ्यायची ठरली आणि त्यासाठी सासूबाईंचे गोठ मोडायचे ठरले. तेही ठरलं ओसरीवरच. त्यांच्या आईनं दिलेले सोन्याचे गोठ, भाकरी थापतानाही त्या हातातून काढत नसत. सोनाराला निरोप गेल्याचं कळलं, तेव्हा त्या बराच वेळ मनगट चोळत बसल्या. मला फार राग आला, पण नव्या सुनेच्या रागाला त्या घरात कोण विचारतो.

सासूबाईंनी मामाजींना एवढंच विचारलं, की नवी रायफल आली तरी हाकाऱ्याला कोण येणार? मामाजींना ते पटलं. हाकाऱ्याचा जुना म्होरक्या त्यांच्याच वयाचा होता, त्याला बोलावणं गेलं.

तो आला, तो धुतलेला पांढरा सदरा घालून. पूर्वी अंगणात उभा राहायचा, त्या दिवशी ओसरीच्या पायरीवर बसला. मामाजींनी त्याला आटे, नळी, कलकत्ता, सगळं समजावलं आणि शेवटी माणसं घेऊन यायला सांगितलं.

"पाटील," तो म्हणाला, "आमी आता जीव मारत नाही."

मालक हा शब्द गेला होता. मामाजींनी तो बदल गिळला.

"मारतो मी. पाप लागलं तं मले लागन. तुमी तं नुसते वरडता."

"तसं नाही," म्हणत तो खाली पाहू लागला.

सासूबाई माझ्याजवळ दारात उभ्या होत्या. त्या चौकटीच्या बाहेर आल्या. परक्यांसमोर त्या कधी बोलत नसत.

"इतकी वर्सं डुकराले कुंकू मी लावलं," त्या म्हणाल्या. "कुऱ्हाडीचे घाव पाह्यले. गोळीचं भोक एकाले बी नव्हतं."

नाकेदारांनी कप खाली ठेवला. मामाजींनी म्होरक्याकडे पाहिलं.

"एक बी नाही?"

"एक गोळी लागली होती," तो अगदी हळू म्हणाला. "तुमच्या गोऱ्ह्याले. वाघाचं नाव आमीच घेतलं."

मला हसू फुटलं, मी पदर तोंडात कोंबला. पण मामाजींचा चेहरा दिसला आणि हसू विरलं. त्यांची मला खरंच कीव आली.

"काहून सांगतलं नाही?" त्यांनी विचारलं.

"तवा सांगता येत होतं काय?"



सोनार आला, चहा पिऊन रिकाम्या हातानं गेला. रायफल खुंटीला टांगली गेली. वस्तीतले लोक मजुरीनं तूर राखू लागले. ते डबे वाजवत आणि डुकरं दुसऱ्यांच्या शेतात जात. वाघाची गोष्ट घरात पुन्हा निघाली नाही. बाहेर मात्र मामाजी शिकार सुटण्याचं कारण झिजलेली नळी हेच सांगत आणि आम्ही सगळे मान डोलवत असू.

काही वर्षांनी दारव्ह्याच्या बाजारातून आमची बैलगाडी निघाली होती. रस्त्याच्या कडेला तो म्होरक्या उभा होता आणि कुणीतरी त्याला विचारत होतं, की तुमच्या पाटलाची शिकार काहून बंद पडली. त्यानं आम्हाला पाहिलं नव्हतं.

"नळी झिजली त्याइच्या रायफलीची," तो म्हणाला. "नाहीतं नेम लय पक्का होता."

हे बोलायची आता त्याच्यावर कुणाची सक्ती नव्हती. सासूबाईंनी गाडी थांबवायला लावली आणि गोठ घातलेले दोन्ही हात जोडून त्याला नमस्कार केला.