पायरीवरचा माइक

"आडनाव?"

दारातच विचारलं काकूंनी. गंगेकाठच्या मंगला गौरीच्या देवळामागच्या गल्लीतलं मराठी घर, आत गणपती बसलेला, आणि मी रेडिओवाली, त्यांच्या आरतीचं थेट प्रसारण करायला आलेली. आत्ताच तर हीच बाई माझ्या गालावरून हात फिरवत होती. "अगं, तूच का ती? तुझा आवाज ऐकल्याशिवाय मला सकाळचा चहा गोड लागत नाही!"

मी आडनाव सांगितलं. हात गेला. हसू गेलं.

रेडिओ स्टेशनवर माझं नुसतं पहिलं नाव घ्यायचे. "पूरा नाम लंबा हो जाता है," साहेब म्हणायचे. बाकीच्यांची नावं शेपटीसकट चालायची, माझंच तेवढं लांब व्हायचं. कळत नव्हतं असं नाही. पण नोकरी प्यारी होती. बाबा रेल्वेत खलाशी म्हणजे साधे कामगार, सारनाथ जवळ म्हणून हौसेनं नागपूरकडून इथं बदली घेतलेली. माझा कार्यक्रम लागला की ते रेडिओ क्वार्टरच्या खिडकीत ठेवायचे, सगळ्या लाइनीला ऐकू जावा म्हणून.

काकू माझ्यासोबत आलेल्या साहेबांच्या कानाला लागल्या. साहेब माझ्याकडे आले.

"तुम पीछे सीढ़ी से बोल दो। आवाज़ ही तो चाहिए।"

गेले. बाजूच्या बोळातून, घराच्या मागच्या पायरीवर. समोर भादव्यातली गंगा. घाट केव्हाच बुडालेला. मातकट, जड पाणी, गुपचूप वर सरकणारं. मागचं दार आतून बंद. खिडकीतून माइकची वायर बाहेर आली. साहेब गजांआडून हळूच सांगायचे, मखर कसं, समया कशा, आणि मी ते डोळ्यांनी बघितल्यासारखं शहराला सांगायचे.

आरतीची वेळ झाली. गुरुजींसाठी माइक आत हवा होता. साहेबांनी तो माझ्या हातातून घेतला, त्यावरचा काळा स्पंज दोन बोटांनी ओढून काढला आणि बाहेर टाकला. खिशातून नवा काढून चढवला. माझ्या तोंडचा स्पंज गुरुजींना कसा चालेल!

तो स्पंज पाण्यावर तरंगत बोळात शिरला. तेव्हा कुठं माझं लक्ष गेलं. मी आले तो बोळ भरला होता. परतीची वाट उरली नव्हती.

मी दार वाजवलं. "काकू, पाणी चढतंय. दार उघडा."

काकू खिडकीशी आल्या. माझ्या पायांकडे बघितलं. "आरती होऊ दे. मग बघू."

मग बघू! पाणी घोट्याच्या वर आलं होतं. मी वरच्या पायरीवर सरकले. तिच्यावर पायरीच नव्हती. आत टाळ जोरात वाजत होते.

आरती संपली. समारोप माझा. माइक खिडकीतून परत आला.

भीती वाटत होती, खोटं कशाला सांगू? पण संताप भीतीहून मोठा होता. मी आधी माझं नाव घेतलं. पूर्ण. आडनावासकट. मग म्हणाले, "श्रोतेहो, मी गणपती बघितलेला नाही. मला घरात घेतलेलं नाही. मी मागच्या पायरीवर उभी आहे, पाणी गुडघ्याला लागलंय आणि दार बंद आहे." तेच पुन्हा हिंदीत सांगितलं.

साहेबांनी वायर उपटली. पण शहरानं ऐकलं होतं. दार उघडलं. माणुसकीनं नाही, लोक ऐकताहेत म्हणून. मी उंच उंबरा चढून ओल्या पायांनी आत शिरले, गणपतीसमोरून सरळ चालत पुढच्या दारानं बाहेर पडले.

बाबा क्वार्टरच्या फाटकात उभे होते. "पुरं नाव घेतलं. बेस केलं," एवढंच बोलले. नोकरी दुसऱ्या दिवशी गेली. त्या घरचा गणपती अजून बसतो. ते दारही अजून आतूनच बंद असतं.

यंदा पाणी पुन्हा चढतंय. काल स्टेशनच्या नव्या साहेबांचा फोन आला. त्याच घरची आरती. त्यांना 'वही पुरानी आवाज़' हवी. बोलता बोलता आवाज खाली आणून म्हणाले, "नाम नहीं लेंगे, तो चलेगा न?"

"नहीं चलेगा," मी म्हणाले.

माझा आवाज आता माझ्या नावामागून येईल. नाव दारातून आत गेलं, तरच. नाही तर, श्रोतेहो, त्या दिवशी तुमचा रेडिओ मुका राहील. राहू दे.