शेडमधलं एकच जाळं

आमच्या सासूबाईंचा राग नाकावर नसतो, बोटांत असतो. त्या चिडल्या की तोंडातून चकार शब्द काढत नाहीत, पण जाळ्याची गाठ अशी आवळतात की पुढे ती सोडवायची वेळ आली तर चाकूच लागतो. माझा नवरा होडीवर जाळं सोडताना नुसता हात फिरवून सांगतो, "काल घरात सासू-सुनेचं वाजलेलं दिसतंय." बहुतेक वेळा त्याचं बरोबर निघतं.

सगळं गाव त्यांना मावशी म्हणतं, मी आई म्हणते. धक्क्याला लागून एक लांबलचक शेड आहे. तीन बाजूंना दगडी भिंती, वर पत्रे, समुद्राकडची बाजू सताड उघडी. होड्या आल्या की फाटकी जाळी या शेडमध्ये यायची आणि दुरुस्त होऊन परत जायची. सासरे तापाने गेले तेव्हा माझा नवरा रांगत होता. आईंनी शेडमधल्या एका खुंटीला झोळी बांधली, त्यात त्याला टाकलं आणि हातात सुई घेतली. त्यांच्याबरोबरच्या बायका एकेक करून थकल्या. कुणाचे गुडघे गेले, कुणाची नजर गेली. आई मात्र तिथेच राहिल्या.

मी डोंगराकडची. लग्न होऊन आले तेव्हा मला धक्क्यावर उभ्या उभ्यासुद्धा समुद्र लागायचा. आईंनी मला जाळं विणायला शिकवायचा पुष्कळ प्रयत्न केला, शेवटी हात जोडले. म्हणाल्या, "अगं, तुझे हात राहू देत. तुझं तोंड बरं चालतं, त्याचं काहीतरी बघू."

आणि त्यांनी खरंच बघितलं. प्रवासी जहाजांचं बंदर इथे होणार अशी बातमी आली तेव्हा गावात दोन तट पडले. एकाच बाकावर बसणारी माणसं एकमेकांकडे पाठ करून चहा पिऊ लागली. अशा वेळी आईंनी माझं नाव परक्या भाषेच्या वर्गात घातलं. पाहुण्यांना गाव दाखवायला माणसं लागणार होती. शेजारीण तोंडावर म्हणाली, "सून दिलीस वाटतं जहाजवाल्यांना!" आई म्हणाल्या, "जहाज काही मला विचारून येत नाहीये. आपलं एक माणूस तिकडे असलेलं बरं." मी वर्गाला जायचे त्या दिवसांत संध्याकाळचा स्वयंपाक त्या करायच्या. दिवसभर वाकून बसलेली बाई घरी येऊन चुलीपुढे उभी राहायची आणि मी पुस्तक उघडून बसायचे. आज मी पाहुण्यांसमोर घडाघडा बोलते, लोक कौतुक करतात. त्या कौतुकातला निम्म्याहून जास्त वाटा आईंचा आहे, हे मी कुणालाही सांगते.

बंदराने आमचं वाटोळं केलं असं मी म्हणणार नाही. नवा बांध झाला आणि वादळात लाटा आत येईनाशा झाल्या. आधी वारा उठला की होड्या ओढता ओढता गावाच्या नाकी नऊ यायचे. पहिल्या वादळात होड्या जागच्या हलल्या नाहीत, तेव्हा बंदराला सगळ्यात जास्त शिव्या घालणारा म्हातारा नावाडीसुद्धा गप्प बसला.

घोळ झाला तो वेगळाच. बांधकामापुरत्या म्हणून होड्या खाडीपलीकडच्या तात्पुरत्या धक्क्यावर नेल्या होत्या. बांधकाम संपलं, जहाजं यायला लागली, पण होड्यांना परत बोलावण्याचं कुणी नाव काढेना. मग हळूहळू उलगडा झाला: प्रवाशांना स्वच्छ धक्का हवा, म्हणून होड्या पलीकडेच ठेवायच्या असं बंदर चालवणाऱ्या कंपनीच्या मनात होतं. हंगाम संपला की पक्कं ठरणार होतं. तिकडे खलाशी उघड्यावरच जाळी कशीतरी गाठवायचे. इकडे शेडला रंग लागला, दिवे लागले, मधोमध एक जुनं जाळं टांगलं गेलं. जहाजाच्या दिवशी आईंनी खुर्चीवर बसून ते विणायचं आणि लोकांनी फोटो काढायचे. जुन्या गावाची आठवण म्हणे!

ही व्यवस्था बघणारा साहेब तरुण होता. सारखा मनगटाकडे बघायचा, म्हणून गावाने त्याचं नाव घड्याळसाहेब ठेवलं होतं. माणूस वाईट नव्हता. आईंना खुर्ची टोचते म्हणून स्वतःच्या केबिनमधली उशी त्याने आणून दिली होती.

पण त्याला एक गोष्ट माहीत नव्हती, की आईंना काम रेंगाळत ठेवता येत नाही. थोड्याच दिवसांत त्यांनी ते जाळं पुरं करून टाकलं. पुढचं जहाज यायच्या सकाळी आम्ही शेडमध्ये गेलो, तर जाळ्याला नवी भोकं. चांगली माणूस जाईल एवढाली.

"आई, हे कुठल्या माशाने फाडलं?" मी विचारलं.

आईंनी कडा बोटांत धरून बघितल्या. "हा मासा कात्री घेऊन फिरतो," त्या म्हणाल्या.

घड्याळसाहेब मागेच उभा होता. त्याने खोटं सांगितलं नाही. "मावशी, मीच कापायला सांगितलं. जाळं पुरं झालं तर लोकांना दाखवायचं काय?"

"खरं बोललात, बरं वाटलं," आई म्हणाल्या. "पण कापलेल्या जाळ्याला मी हात लावणार नाही, साहेब. फाटलेलं आणा, रात्रंदिवस बसते."

तो घड्याळाकडे बघत राहिला. जहाज दिसायला लागलं होतं.

आईंनी शेड सोडली तर दुसरी विणणारी नव्हती. शेड रिकामी दिसली की तिथे शोभेच्या वस्तूंची दुकानं काढायची हे आधीच बोललं गेलं होतं. होड्या परत यायला मग कारणच उरलं नसतं. आणि माझी नोकरी त्याच साहेबाच्या हाताखाली.

पाहुण्यांची पहिली टोळी घेऊन मी शेडमध्ये आले तेव्हा आई खुर्चीवर होत्या, पण दोन्ही हात मांडीवर. शेजारी जाळं लोंबत होतं. एवढ्या वर्षांत मी त्यांना शेडमध्ये हातावर हात ठेवून बसलेलं पाहिलं नव्हतं. मला ते बघवेना.

टोळीतल्या एका म्हाताऱ्या बाईने विचारलं, "या काम का करत नाहीत?"

विश्रांती घेतायत, असं सांगून पुढे निघणं सोपं होतं. साहेब शेडच्या तोंडाशीच उभा होता. मी आईंना प्रश्न सांगितला आणि विचारलं, "काय सांगू?"

आई म्हणाल्या, "तुला सोयीचं असेल ते सांग. नोकरी तुझी आहे. मी काही म्हणणार नाही."

त्यांनी मला भरीला घातलं असतं तर कदाचित मी कच खाल्ली असती. त्यांनी मोकळं सोडलं, म्हणून मला धीर आला. मी त्या बाईंना जसंच्या तसं सांगितलं: यांना काम नाही, कारण होड्या पलीकडे आहेत. हे जाळं फाटलेलं नाही, तुम्हाला दाखवण्यासाठी कापलेलं आहे.

फोटो काढणाऱ्याने हात खाली घेतला. मग त्या म्हाताऱ्या बाईने विचारलं, "होड्या बघायला कुठून जायचं?"

मी खाडीकडची चिखलाची वाट दाखवली. मला वाटलं, एवढ्या पांढऱ्या बुटांची माणसं कसली जातात! पण ती गेली, एकामागे एक, चिखल तुडवत. परत आली तेव्हा बुटांवर खवले होते आणि सगळी एकदम बोलत होती. एकाने होडीची दोरी ओढली होती, एकाला खेकड्याने चिमटा काढला होता आणि ते बोट तो सगळ्यांना दाखवत होता. जहाज त्यांच्यासाठी थांबून राहिलं.

संध्याकाळी साहेबाने मला केबिनमध्ये बोलावलं. मी ओळखपत्र गळ्यातून काढून हातातच घेऊन गेले.

"ते घाला परत गळ्यात," तो म्हणाला. "मी वर कळवलंय की होड्या इथेच पाहिजेत. लोक कशासाठी चिखलात गेले ते सगळ्यांनी बघितलंय." मग म्हणाला, "खरं सांगू? ती कात्री हातात देताना मलाही कसंतरीच झालं होतं."

वरून होकार आला, पण फुकट नाही. जहाजाच्या दिवशी होड्यांनी मासळी आधी उतरवायची, धक्का पाण्याने धुवायचा आणि त्या बाजूला मासे वाळत घालायचे नाहीत. खलाश्यांनी कपाळाला आठ्या घातल्या. आईंनी त्यांना सुनावलं, "धक्का धुतल्याने हात झिजणार आहेत का तुमचे? तो माणूस आपल्यासाठी वरच्यांशी भांडला. आपण दोन बादल्या पाणी मारू." खलाशी पुटपुटले, पण कबूल झाले.

होड्या परतल्या त्या दिवशी आई पहाटेपासून शेडच्या तोंडाशी उभ्या होत्या. खलाशी एकेक जाळं खांद्यावरून आणून टाकायला लागले. ढीग आधी गुडघ्यापर्यंत आला, मग कमरेपर्यंत, मग आईंच्या खांद्याला लागला. ओलं शेवाळ, शिंपले, खारट वास. शेवटी माझा नवरा आमचं जाळं घेऊन आला आणि ओशाळून म्हणाला, "आई, खडकात अडकलं गं. फार फाटलंय."

आईंनी फाटलेल्या जागेत हात घातला. तो कोपरापर्यंत आरपार गेला. त्या हसायला लागल्या आणि हसता हसताच पदराने डोळे पुसायला लागल्या.

"फाटू दे रे," त्या म्हणाल्या. "जन्मभर फाटू दे."

मी मनातल्या मनात पाण्याखालच्या त्या खडकांचे आभार मानले.