पावणं, घरची आणि माहेरवाशिणी

कोल्हापूरच्या स्टेशनात गाडी थांबली तेव्हा दसरा होऊन चार दिवस झाले होते, आणि मला खाली उतरावंसं वाटत नव्हतं.

सांगायला कारण चांगलं होतं. आमच्या कॉलेजातल्या प्राणिशास्त्राच्या प्रोफेसरांना या भागातल्या पक्ष्यांची यादी करायची होती: एका रकान्यात लॅटिन नाव, दुसऱ्यात गावातली माणसं म्हणतात ते नाव. मी त्यांचा डेमॉन्स्ट्रेटर, म्हणजे सांगकाम्या. पण खरं कारण शिवाजी पेठेत होतं. माझी बायको सुमन बाळंतपणाला माहेरी आली, ती बाळंत होऊन आठ महिने झाले तरी परतली नव्हती. मुलगी झाली होती, ती नवव्या दिवशी गेली. जन्माची तार मिळाल्यावर मी आलो, दोन दिवस राहिलो आणि परीक्षेचं काम आहे म्हणून पुण्याला परतलो. दुसरी तार आली तेव्हाही धावत आलो आणि एका दिवसात गेलो. त्यानंतर मी सहा पत्रं लिहिली. एकाचंही उत्तर नाही. आता तिला घरी न्यायचं, एवढंच मनात होतं, आणि ते तोंडानं म्हणायची छाती होत नव्हती. म्हणून पक्षी पुढे केले.

सासरे शाळामास्तर. आवाज असा की चौथीचा वर्ग घेताना सातवीची मुलंही गप्प बसायची. दारातूनच ओरडले, "या पावणं, या! पाखरं बघाय आलाय व्हय? मग ऱ्हावा की निवांत!"

कोल्हापुरात वाटसरूलाही पावणं (पाहुणे) म्हणतात आणि जावयालाही. मी यातला नक्की कोणता, ते त्यांच्या आवाजावरून कळेना. सुमननं पाणी आणून दिलं. "प्रवास बरा झाला?" एवढंच विचारलं आणि आत गेली. ती फार वाळली होती. रात्री तांबड्या रश्शानं माझ्या नाकाडोळ्यांतून धारा लागल्या, आणि त्या पुसायला एक निमित्त मिळालं याचं मला बरंच वाटलं.

सकाळी सासऱ्यांनी परस्पर ठरवून टाकलं. "सुमे, ह्यास्नी कळंब्याला घिऊन जा. तळ्यावरचा ज्ञानूमामा समदी पाखरं वळखतोय."

टांग्यात आम्ही दोघं शेजारी बसलो आणि कळंब्याच्या तुरुंगाच्या भिंतीपर्यंत मी दुर्बिणीच्या काचा पुसत राहिलो. तळं मात्र भरून चमकत होतं. काठच्या गवतावर दव होतं आणि हवेत ओल्या मातीचा वास होता. ज्ञानूमामा तळ्याचा राखणदार. साठीचा, डोक्याला मुंडासं, खांद्यावर घोंगडी. माझ्या दुर्बिणीकडे त्यानं जरा कीव आल्यासारखं बघितलं.

मी कामाला लागलो. टिटवी, बगळा, खंड्या, तांबट. तो नावं सांगत गेला, मी लिहीत गेलो. मग पाण्यावर बदकांचा एक थवा उतरला. भुवईवर पांढरा पट्टा. मी लॅटिन नाव लिहिलं, ॲनस क्वेरक्वेड्युला, आणि विचारलं, "याला काय म्हणता?"

"पावणं."

मला वाटलं, मला हाक मारतोय. "हां, बोला."

"बोललो की. पावणं."

"अहो, माझं नाही, पक्ष्याचं नाव सांगा."

"त्येच सांगतोय न्हवं?"

मी काठावर शेपटी हलवत चालणाऱ्या धोबी पक्ष्याकडे बोट दाखवलं. "त्येबी पावणंच." चिखलात चोच खुपसणाऱ्या तुतारीकडे दाखवलं. "त्येबी." मी वैतागलो. तीन पक्षी, तीन वेगवेगळी कुळं, आणि हा माणूस एकच नाव ठोकून देतोय! धोबी नीट बघावा म्हणून तरातरा पुढे गेलो आणि घोट्यापर्यंत चिखलात रुतलो. पाय निघाला, चप्पल आतच राहिली.

मागे सुमन हसली. आठ महिन्यांत मी तिचं हसणं ऐकलं नव्हतं. चप्पल गेली तर गेली, असं मला झालं.

"अहो, तो पाखरालाच पावणं म्हणतोय," ती म्हणाली. "थंडीत येतात, होळीच्या आधी जातात. म्हणून पावणं."

"आन् बारा म्हयने हितंच ऱ्हात्यात ती घरची," ज्ञानूमामानं चप्पल उपसून देत पुस्ती जोडली. "नाव इचारायच्या आदी त्ये कोन हाय, ते बघावं लागतंय."

मी वहीत नवा रकाना आखला. माझ्या शास्त्रात चोच मोजतात, पंख मोजतात. पक्षी कुठे आणि कशासाठी राहतो याला या माणसानं पहिला मान दिला होता. मला ते आवडलं. एवढ्यात करंजाच्या जाळीतून एक पक्षी पाचोळ्यात उतरला. हिरवी पाठ, निळा खांदा, शेपटीखाली कुंकवासारखा लाल. नवरंग. पिट्टा ब्रॅकियुरा.

"हा घरचा की पावणं?" मी उत्साहानं विचारलं.

"दोन्ही न्हाय. ही माहेरवाशीण." ज्ञानूमामाचा आवाज एकदम मऊ झाला. "आखाडात येती, बाळातपणाला. हितंच घर करती. पिल्लं उडाय लागली की त्यास्नी घिऊन जाती सासरी. ही मागं ऱ्हायली वाटतं एकलीच."

त्याला बिचाऱ्याला काही माहीत नव्हतं. सुमन उठली आणि बांधावर जाऊन बसली. मी पेन्सिल वहीत ठेवली. मग तिच्या शेजारी जाऊन बसलो.

तिनं विचारलं, "किती पाखरांची नावं झाली?"

"एकोणीस."

"आणि ती लॅटिन?"

"ती प्रत्येकाला दोन दोन असतात. आधी घराण्याचं, मग त्याचं स्वतःचं."

सुमन पाण्याकडे बघत होती. "आपल्या पोरीला घराण्याचं तेवढं मिळालं," ती म्हणाली. "बारशाला तीन दिवस राहिले होते."

इतके दिवस पत्रांतून मी हवापाणी लिहीत होतो, प्रकृतीला जप म्हणत होतो, आणि एकाही पत्रात मुलीचा शब्द नव्हता. "माझं चुकलं, सुमन," मी म्हणालो. "मी तेव्हा इथं थांबायला हवं होतं."

"व्हय. हवं होतं." तिनं मला माफ केलं नाही आणि मला ते बरोबरच वाटलं.

"तू काही नाव मनात धरलं होतंस?"

"धरलं होतं. बापानं विचारल्याबिगर कुणाला सांगायचं?" आणि मग ती रडली. मीही रडलो. ज्ञानूमामा घोंगडी सावरत लांब निघून गेला.

दुसऱ्या दिवशीची माझी गाडी मी चुकू दिली. कॉलेजला तार केली आणि आठ दिवस राहिलो. पक्षी फारसे पाहिले नाहीत. सुमनबरोबर बाजारात गेलो, एकदा जोतिबाच्या डोंगरावर गेलो. ती मुलीबद्दल सांगत असे, मी ऐकत असे. कुणाचे डोळे होते, दूध पिताना मूठ कशी वळायची. हे सगळं आठ महिने तिनं एकटीनं सांभाळलं होतं. नवव्या सकाळी ती आपणहून ट्रंक भरायला बसली.

प्रवासाला निघालेला माणूस काहीतरी नवं बघून येतो, असं म्हणतात. मी तर जे माझंच होतं तेही न बघता आठ महिने काढले होते.

गाडी मिरजेच्या पुढे गेल्यावर सुमन माझ्या कानाशी वाकली आणि तिनं नाव सांगितलं. मी ते मोठ्यानं म्हणून बघितलं, "रेवती."

समोरच्या बाकावरच्या म्हातारीनं मान वर केली. "रेवती कोन वं?"

सुमननं पदर सारखा केला. "आमची थोरली," ती म्हणाली.