संध्याकाळची साखर

आमच्या ह्यांना कारखान्यात सगळे तारमामा म्हणायचे. लहान मुलांच्या रंगीत गोळ्या करणारा कारखाना. छोटाच, पत्र्याच्या छपराचा, वीस-बावीस माणसांचा. तिथे मोठमोठ्या कढयांत साखरेचा पाक उकळतो, आणि तो नेमका कधी उतरवायचा हे सांगणारा माणूस एकच, तो म्हणजे हे. बोटं गार पाण्यात बुडवायची, ती तशीच उकळत्या पाकात घालून चिमूटभर पाक उचलायचा, की लगेच परत पाण्यात. मग अंगठ्यानं दाबून, ताणून त्याची तार बघायची आणि म्हणायचं, "उतरवा." नाहीतर म्हणायचं, "थांबा." एकोणतीस वर्षं ह्या दोन शब्दांवर माणसानं संसार केला. घरीही त्याहून फार बोलायचे नाहीत, पण त्याची भरपाई मी करते. माझं तोंड म्हणजे सकाळी सुरू होतं ते झोपल्यावरच बंद.

आणि गोड? हे गोडाला शिवायचेसुद्धा नाहीत. चहा बिनसाखरेचा. "दिवसभर वासानंच पोट भरतं," म्हणायचे. आणि अशा माणसाला शुगर निघाली! डॉक्टरांनी रिपोर्ट पुढे धरला तेव्हा मी फाडकन म्हटलं, "अहो डॉक्टर, कागद बदलला असेल. हे गोड खातच नाहीत."

डॉक्टर हसले. गोड खाल्लं म्हणूनच मधुमेह होतो असं नसतं म्हणाले, घरात कुणाला होता का? ह्यांच्या वडिलांना होता. झालं तर मग. रोज एक गोळी दिली, पथ्याचा कागद दिला, चालायला सांगितलं. घरी सकाळ-संध्याकाळ तपासून आकडे वहीत लिहा आणि तीन महिन्यांनी वही घेऊन या, म्हणाले. बाहेर येऊन चप्पल घालताना हे इतकंच बोलले, "काम सुटणार नाही ना?"

"कामाला काय धाड भरलीय?" मी म्हटलं. "मी आहे ना."

मी आहे ना! आज ते शब्द आठवले की स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

तपासायचं मशीन लेकीनं पाठवलं. ती लांब राहते, तिथून फोनवर हुकूम सोडते. मशीन हातात मावेल एवढं, सोबत पट्ट्या, सुया आणि स्पिरिटचे कापूस. ह्यांची बोटं एकोणतीस वर्षं चटके खाऊन चामड्यासारखी झालेली. सुई टोचली तरी रक्त येईना. मी बोट दाबतेय, पिळतेय आणि हे भिंतीकडे बघत बसलेत. शेवटी करंगळीच्या कडेला जागा सापडली. पहिल्याच आठवड्यात एकदा हात धुवून, न पुसता तसेच येऊन बसले, तर आकडा आला बासष्ट. माझं धाबं दणाणलं. औषधाच्या दुकानात धावत गेले. दुकानदार म्हणाला, बोट ओलं होतं ना, मग कमीच दाखवणार.

हे मी गाठीला बांधून ठेवलं. ओलं बोट नको म्हणजे धुणंच नको, असा माझा हिशेब. त्या दिवसापासून हे कारखान्यातून आले की दारातल्या खुर्चीतच बसवायचं, स्पिरिटच्या कापसानं बोट पुसायचं आणि टोचायचं. मोरीकडे जायचं ते नंतर.

सकाळचा आकडा यायचा एकशे वीस, एकशे तीस. संध्याकाळचा? तीनशे चाळीस! दुसऱ्या दिवशी तीनशे पंच्याऐंशी. एकदा तर चारशे अकरा. मी हादरले. सुट्टीच्या दिवशी मात्र संध्याकाळी दीडशेच्या आत. आता तुम्हीच सांगा, कुणीही काय म्हणेल? घरी असले की ठीक, कारखान्यात गेले की शुगर आभाळाला भिडते. हातच्या कांकणाला आरसा कशाला!

"तिथे काय खाता?" मी विचारलं.

"डबा."

"आणि?"

"पाणी."

"मग हे काय हवेतून येतं?"

"मला काय माहीत? मी गोड खाल्लं नाही."

रोज संध्याकाळी हेच. मी ओरडायची, हे तेच वाक्य म्हणायचे. लेकीला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "आई, बाबा लपवतायत. ते व्यसनासारखं असतं, माणूस कबूल करत नाही." शिकलेली पोर बोलली म्हटल्यावर माझा संशय पक्का झाला. रात्रीचं जेवण मी अर्ध्यावर आणलं. "भूक आहे अजून," असं हे म्हणायचे तेव्हा मी म्हणायची, "दिवसभर तिकडे चरलात ना, आता पुरे." शर्ट खांद्यावरून लोंबायला लागला, तरी मला दया येईना. खाई त्याला खवखवे, असंच वाटायचं. एकदा नेहमीपेक्षा मोठ्यानं म्हणाले, "अगं, इतक्या वर्षांत तुझ्याशी कधी खोटं बोललोय का?" त्यावर मी काय बोलले ठाऊक आहे? मी म्हटलं, "मशीन खोटं बोलतं का मग?"

दीड महिना असा गेला. एक दिवस मी ह्यांना न सांगता बस पकडून कारखान्यात गेले. माझ्या मनात वाईट काही नव्हतं. मालकांना म्हटलं, "ह्यांच्यावर जरा लक्ष ठेवा. शुगर आहे, आणि इथे चोरून खातात."

चोरून. हाच शब्द वापरला मी. भिंतीवर मोठ्या अक्षरांत पाटी होती, माल खाताना सापडल्यास कामावरून कमी करण्यात येईल. ती मी वाचली होती, पण डोक्यात शिरली नव्हती. मालक म्हणाले, "तारमामा? आमचे तारमामा?" आणि मी, शहाणी, मान हलवून म्हटलं, "बघा ना!"

त्या संध्याकाळपासून सुटीच्या वेळी फाटकावर ह्यांचे खिसे तपासायला लागले. डबा उघडून बघायला लागले. ज्या पोरांना ह्यांनी पाकाजवळ उभं राहायला शिकवलं, ती पोरं मागे रांगेत उभी राहून बघायची. आठवड्याभरात मालकांच्या मेहुण्यानं पाकात बुडवायचा थर्मामीटर आणला. एवढा काटा आला की उतरवा, झालं. हात घालायला नको, तार बघायला नको. हे सगळं मला नंतर कळलं, दुसऱ्याच्या तोंडून. हे घरी चकार शब्द बोलले नाहीत.

मला पहिली चाहूल लागली ती आकड्यावरून. एका संध्याकाळी मशीननं दाखवले एकशे अठ्ठेचाळीस. दुसऱ्या दिवशी एकशे एकेचाळीस. मला आनंद मावेना. "बघा!" मी म्हटलं, "मनावर घेतलं की होतं ना? सुटलं ना खाणं?"

"मला खोक्यांच्या गोदामात टाकलंय," हे म्हणाले. "पुठ्ठे मोजायला."

तरी माझं तोंड उघडलंच. "बरं झालं. तुमच्या भल्याचंच आहे." त्यावर हे उठून मोरीत गेले आणि खूप वेळ नळ चालू होता.

तीन महिने झाले. मी वही घेऊन दवाखान्यात गेले, मागून हे. वहीतल्या मोठ्या आकड्यांखाली मी लाल रेघा मारल्या होत्या. म्हटलं, डॉक्टरांनी चांगलं झापावं ह्यांना. डॉक्टरांनी आधीच रक्त तपासून घेतलं होतं, त्यात मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी कळते म्हणे. रिपोर्ट बघून म्हणाले, "छान आहे. अगदी आटोक्यात." मग वही उघडली आणि कपाळाला आठ्या घातल्या. "हे आकडे ह्याच माणसाचे? संध्याकाळी रोज चारशेच्या घरात असते, तर हा रिपोर्ट असा आला नसता."

नर्सबाई शेजारीच उभ्या होत्या. त्यांनी विचारलं, "काकू, कधी तपासायचात?"

"कामावरून आल्या आल्या. दारातच."

"हात धुवून?"

"छे! धुतलं की कमी दाखवतं ना."

"धुवून कोरडे करायचे असतात हो. काम काय करतात?"

"साखरेच्या पाकाचं," मी म्हटलं, आणि म्हणता म्हणताच माझी नजर ह्यांच्या बोटांवर गेली.

नर्सबाईंनी चहाच्या फळीवरचा साखरेचा डबा काढला. थेंबभर पाण्यात चिमूटभर साखर कालवून माझ्याच बोटाला चोळली, वाळू दिली, मी पुसायची तसं स्पिरिटच्या कापसानं वरवर पुसलं आणि टोचलं. तीनशे सत्तावीस. मला तर शुगरच नाही. मग साबणानं हात धुवायला लावले, कोरडे करायला लावले, पुन्हा टोचलं. एकशे चार.

मी ह्यांच्याकडे बघितलं. ह्यांनी मशीनकडे बघितलंच नव्हतं. ह्यांना काय बघायचं होतं त्यात? आपण गोड खाल्लेलं नाही हे ह्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं.

घरी येऊन मी रडले, हात जोडले. "अहो, चुकलं माझं." हे म्हणाले, "हं." दुसऱ्या दिवशी मी कारखान्यात गेले. बैल गेला आणि झोपा केला, पण गेले. मालकांना सगळं सांगितलं, बोटावरची साखर, रिपोर्ट, सगळं. त्यांनी चहा मागवला. म्हणाले, "वहिनी, फार वाईट वाटलं ऐकून. पण थर्मामीटर आता बसलाय. आणि माणसांना मी काय सांगू? मला दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर मी हाकललं असतं त्याला. तुम्ही सांगितलंत म्हणून विश्वास ठेवला."

चहा मी प्याले नाही.

आता हे गोदामातच आहेत. तिथे कुणी तारमामा म्हणत नाही, काका म्हणतात. संध्याकाळी येतात, साबणानं हात धुतात, पंच्याला एकेक बोट पुसतात, स्वतःच टोचतात. मी स्वयंपाकघरात असले तर तिथे येतात आणि मशीन माझ्या डोळ्यांसमोर धरतात.

"बघ."

"अहो, नका हो असं करू. माझा विश्वास आहे."

"बघ," म्हणतात. रागानं नाही. राग असता तर मी भांडले असते.

मी मोठ्यानं आकडा वाचेपर्यंत तो हात खाली येत नाही.