कर्ज फिटण्याआधीचे पेढे

घराचं कर्ज फिटलेलं नसताना मी बँकेत जाऊन एक किलो पेढे वाटले. शिपायानं दोन घेतले. रोखपाल बाईंना साखरेचा त्रास, तरी त्यांनी अर्धा घेतला. मॅनेजर साहेबांनी एक तोंडात टाकला आणि विचारलं, "कशाबद्दल, सर?"

मी म्हणालो, "कर्ज फिटलं आमचं. घराचे कागद न्यायला आलो."

साहेबांचा चालता जबडा जागीच थांबला.

त्या पेढ्यापर्यंत पोचायला मला साडेसात वर्षं लागली होती, म्हणून आधी ती सांगतो. मी हट्टा गावच्या शाळेत गणित शिकवतो आणि राहतो वसमतला. वसमतला घर बांधायला काढलं तेव्हा पैसे स्वयंपाकघराच्या दारापर्यंतच पुरले. पुढच्या दोन खोल्यांवर स्लॅब पडला, स्वयंपाकघरावर पत्रे आले. आमच्याकडच्या उन्हाळ्यात पत्र्याखाली चूल असो की गॅस, भाजतो माणूसच. बायको म्हणायची, "पत्र्यावर पापड वाळतेत, पत्र्याखाली मी." एप्रिल-मे महिन्यांत ती पहाटे चारला उठून दोन्ही वेळचा स्वयंपाक उरकायची. मी तिला शब्द दिला होता, कर्ज फिटलं की पहिलं काम तुझा स्लॅब.

कर्ज होतं पंधरा वर्षांचं. तिनं बोटांवर हिशेब केला आणि म्हणाली, "म्हंजे माझे केस पांढरे झाल्यावर."

मग मी, घरात फळा नसतानाही, फळ्यापुढं उभं राहिल्यासारखा उभा राहिलो. दर महिन्याला हप्त्यावर आणखी निम्मा हप्ता जादा भरायचा. मुद्दल घटतं, व्याज घटतं, पंधराची साडेसात होतात. हे गणित मी दरवर्षी पोरांना शिकवतो.

"म्हंजे साडेसातीच की," ती म्हणाली. मग तिनं एक प्रश्न विचारला. ती गल्लीतल्या बचत गटाची सचिव आहे. महिन्यातून एकदा पंधरा बाया आमच्या पुढच्या खोलीत बसतात आणि एखादीनं पन्नास रुपये जास्तीचे आणले तरी ही विचारते, "मुद्दलात धरू का पुढच्या हप्त्यात?" विचारते, लिहिते, वाचून दाखवते. तेच तिनं मला विचारलं, "बँकेत सांगावं लागत आसंल ना, जादाचे कशात धरायचे ते?"

"बँक म्हणजे तुमचा गट न्हाई," मी म्हणालो. "तिथं कॉम्प्युटर असतो."

हे वाक्य तिनं कुठं लिहून ठेवलं नव्हतं. तरी ते मला किती महागात पडलं, ते पुढं कळेलच.

दुसऱ्या दिवसापासून आमच्या घरात कर्जमुक्तीचं राज्य आलं. मोटारसायकल ताडपत्रीखाली गेली आणि मी एसटीनं हट्ट्याला जाऊ लागलो. स्टाफरूममधल्या चहाची वर्गणी गोळा व्हायची त्या दिवशी मला नेमकी मोबाईलची रेंज शोधायला मैदानाच्या टोकाला जावं लागायचं. मुख्याध्यापक एकदा म्हणाले, "सर, तुमच्या मोबाईलला पहिल्या तारखेलाच काहून रेंज नसते?"

जादाची कमाई कुठून आणायची, हा दुसरा प्रश्न. शिक्षक ज्या कामांपासून लपून बसतात, ती कामं मी मागून घेऊ लागलो. पेपर तपासणी, परीक्षेची देखरेख, निवडणुकीची ड्यूटी; भत्ता मिळतो ते कोणतंही. निवडणुकीची ड्यूटी रद्द व्हावी म्हणून लोक पाठीचे, गुडघ्याचे, सासूच्या आजाराचे दाखले आणतात. मी तहसीलला जाऊन "मला द्या" म्हणालो, तर तिथल्या बाबूनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "कोणत्या पार्टीचे तुमी?" त्यानं हळूच विचारलं. पार्टी नाही, गृहकर्ज आहे, असं सांगितलं, पण त्याला ते पटलं नाही. मला साखरा गावाच्या पुढचं, जिथं कोणी जात नाही असं केंद्र मिळालं. शाळेच्या व्हरांड्यात मतपेट्यांइतक्याच मच्छरांसोबत रात्र काढली. यंत्रांच्या जमान्यात मतपेट्या कुठल्या, असं तुम्ही म्हणाल. मच्छर मात्र खरे होते.

पण कर्जमुक्तीचा खरा पराक्रम झाला तो आहेरात. आमच्याकडं लग्न म्हटलं की टॉवेल-टोपी. आपल्याला आलेले टॉवेल-टोपी पेटीत ठेवायचे आणि पुढच्या लग्नात पुढं सरकवायचे, यात नवीन काही नाही. जिल्ह्यातले अर्धे टॉवेल जन्मात पाण्याला लागलेले नसतील. फक्त ज्याचा त्याला जाऊ नये, एवढी काळजी घ्यायची. त्यासाठी बायको प्रत्येक घडीत चिठ्ठी ठेवते, कोणाकडून, कशाला आला. एकदा ती गटाच्या कामाला गेली होती आणि मेव्हण्याकडं जावळाला जायचं होतं. मी पेटीतला वरचा टॉवेल उचलला. चिठ्ठी वाचायची असते, हे ध्यानातच आलं नाही. मांडवात मेव्हण्यानं माझ्यापुढंच घडी उलगडली आणि चिठ्ठी त्याच्या पायावर पडली. त्यानं ती मोठ्यानं वाचली: "दादाकडून. आमची वास्तुशांत." चार माणसं पाहत होती. तो म्हणाला, "दाजी, बराबर हाय. आमचं आमाला पोचलं."

बायको घरी आल्यावर एवढंच म्हणाली, "लिहिलेलं वाचत जा जरा." मी वर्षभर पोरांच्या पेपरांवर लाल शाईनं 'प्रश्न नीट वाचा' असं लिहीत असतो. पण पोरं वेगळी, आपण वेगळे.

बँकेत दर महिन्याला मी स्वतः जायचो. हप्ता पगारातून कटायचा, जादाचे मी हातानं भरायचो. घरी कपाटाच्या दारामागं मी एक तक्ता चिकटवला होता. महिना, जादा रक्कम, उरलेलं मुद्दल, सगळं माझ्या गणितानं. भरणा झाला की त्यावर लाल खूण करायची. बँकेतून कर्जाचा उतारा मी कधीच मागितला नाही, कारण उताऱ्याला पैसे पडतात आणि माझा तक्ता फुकट होता. यंदा फेब्रुवारीत तक्त्यातली शेवटची ओळ आली. मुद्दल शून्य. मी बायकोला म्हणालो, "मिस्तरीला सांगून ठेव. उन्हाळ्याआधी स्लॅब." त्या दिवशी तिनं फडताळ पुसून काढलं आणि पत्र्याकडं बराच वेळ पाहत राहिली. मी पेढे घेतले.

आता परत मॅनेजर साहेबांच्या जबड्यापाशी येऊ.

त्यांनी पेढा गिळला, कॉम्प्युटरवर पाहिलं, आणि स्क्रीन माझ्याकडं वळवली. कर्ज भरपूर शिल्लक होतं. माझे साडेसात वर्षांचे जादाचे पैसे एका वेगळ्या ओळीत जमा होते. साहेब म्हणाले, "सर, हे पुढच्या हप्त्यांपोटी आगाऊ धरलेत. मुद्दलातून वजा झालेच नाहीत."

"पण मी तर दर महिन्याला..."

त्यांनी टेबलावरची भरण्याची कोरी स्लिप माझ्यापुढं सरकवली. खाली दोन चौकटी होत्या. 'जादा रक्कम: मुद्दलात / आगाऊ हप्त्यात. योग्य ठिकाणी खूण करा.' साडेसात वर्षं, नव्वद स्लिपा, आणि मी एकाही चौकटीत खूण केली नव्हती. खुणा सगळ्या कपाटाच्या दारामागं होत्या.

"आता सगळे मुद्दलात वळवले तरी एकवीस हप्ते उरतेत," साहेब म्हणाले. म्हणजे आणखी दोन उन्हाळे. शिपाई दारात उभा होता. पेढ्याच्या रिकाम्या डब्याकडं पाहून म्हणाला, "सर, आमी खाल्लेले आता वापस न्हाई बरं."

मी बायकोला फोन केला. मला वाटलं ती ओरडेल. ती म्हणाली, "कशावर सही करू नका. येऊन राहिले मी."

अर्ध्या तासात ती रिक्षातून आली. गटाच्या कामानं तिचं तिथं नेहमीचं येणं-जाणं, म्हणून रोखपाल बाई "या ताई" म्हणाल्या, साहेबांनी खुर्ची दिली. दुसरी खुर्ची नव्हती, मी उभा राहिलो. तिनं स्लिप हातात घेतली. वरपासून खालपर्यंत वाचली, मागची बाजूही वाचली. मग विचारलं, "हे आगाऊचे पैसे वापस निघतेत का, साहेब?"

"निघतात की. तुमचेच आहेत. अर्ज द्यावा लागंल."

तिनं पर्समधून एक चिठ्ठी काढली. मिस्तरीचा अंदाज होता, लोखंड, सिमेंट, मजुरी, सगळं लिहिलेलं. तेवढी रक्कम परत घ्यायची आणि बाकीची मुद्दलात, असा अर्ज तिनं तिथंच लिहिला, योग्य त्या चौकटीत खूण केली, साहेबांना वाचून दाखवला, आणि बोटानं जागा दाखवून मला म्हणाली, "इथं सही."

मी सही केली. बाहेर आल्यावर मला राहवलं नाही. म्हणालो, "चूक झाली माझी. तेवढी खूण केली असती तर आज कर्ज फिटलं असतं."

"फिटलं असतं. अन् स्लॅबला पैसा कुठून आला असता?"

मी मनातल्या मनात कपाटाचं दार उघडून तक्ता पाहिला. दुसरं कर्ज, दुसरा तक्ता, दुसरी साडेसाती, एवढंच दिसत होतं.

ती रिक्षात बसली, मला सरकून जागा दिली, आणि रिक्षावाल्याच्या देखत म्हणाली, "साडेसात वर्षांत तुमी एकच काम बराबर केलं, तेबी चुकून."